निळसर खळीनं चिकटवलेली पाकिटं

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही. आठवली की अजूनही कानशिलं तापतात. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे डोंगर तुडवले, यात्रेतल्या मारामाऱ्या निस्तरल्या. त्या सगळ्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळायला लागलेत. पण ज्या गुन्ह्यात कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नाही, तो गुन्हा मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यातले काही आज हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांना आपण कोण ते वाचताना कळेलच.

साल कोयनेच्या भूकंपाचं. भूकंप डिसेंबरात झाला. ही गोष्ट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली, निवडणुकीच्या दिवसांतली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. मतदानाला आठ-नऊ दिवस राहिले होते. बंदोबस्ताचे तक्ते, होमगार्डच्या याद्या, मतपेट्यांच्या ट्रकांचे मार्ग, प्रचारसभांचे अर्ज, असा कागदांचा ढीग टेबलावर असायचा आणि दिवसभर सह्या करून बोटं दुखायची.

एका सकाळी दहाच्या सुमारास एक तरुण बाई ठाण्यात आल्या. मागे एक उंच, ताठ म्हातारे. बाई पंचविशीच्या, पांढरं सुती पातळ, काखेत कापडी पिशवी. जवळच्याच एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. म्हातारे त्यांचे वडील, फौजेतून नाईक म्हणून पेन्शनीत निघालेले. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेली ही पहिलीच मुलगी.

ठाणे अंमलदारानं बाकाकडे बोट दाखवलं. बाई बसल्या नाहीत. सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, मला तक्रार द्यायची आहे. माझं मत कुणीतरी देऊन टाकलंय."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "बाई, मतदान अजून व्हायचंय."

"पेटीतलं व्हायचंय. माझं टपालानं आहे. ते झालंसुद्धा म्हणे."

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी इथं थोडं सांगायला हवं. निवडणुकीच्या दिवशी शिक्षक, कारकून, पोलीस यांना भलत्याच गावच्या केंद्रावर ड्युटी लागते. आपल्या गावी जाऊन मत देणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांनी आधी अर्ज करायचा आणि निवडणूक अधिकाऱ्यानं, म्हणजे आमच्याकडे प्रांतसाहेबांनी, त्यांना टपालानं मतपत्रिका पाठवायची. सोबत एक प्रतिज्ञापत्र येतं, एक लहान पाकीट येतं आणि एक मोठं. मतपत्रिकेवर कुणाला न दाखवता खूण करायची, ती लहान पाकिटात घालून पाकीट बंद करायचं. मग राजपत्रित अधिकाऱ्यापुढे जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची. हा माणूस तोच आणि यानं माझ्यासमोर सही केली, असं त्या अधिकाऱ्यानं खाली लिहून शिक्का मारायचा. लहान पाकीट आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या पाकिटात घालायचं, मोठ्या पाकिटावर पुन्हा आपली सही करायची आणि मतमोजणीच्या आत पोचेल असं टपालात टाकायचं. तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. तेव्हा लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकदम असायच्या, त्यामुळे पाकिटंही दुप्पट. मी सोपं जावं म्हणून एकेकच धरून सांगतो आहे.

यात एक गोष्ट महत्त्वाची. एकदा तुमच्या नावानं टपाली मतपत्रिका निघाली की केंद्रावर जाऊन मत देण्याचा तुमचा हक्क संपला.

बाईंनी अर्ज वेळेत केला होता. पाकीट काही आलं नाही. पोस्टमनला विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्या भागातल्या सगळ्या शिक्षकांची पाकिटं केंद्र शाळेच्या हेडमास्तरांच्या हाती दिली. हेडमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमचं आलंच नाही." तेव्हा बाई रजा टाकून एसटीनं प्रांत कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनानं नोंद बघून सांगितलं, "बाई, तुमचं पाकीट गेलंय आणि सही होऊन परतही आलंय. परवाच."

"आन् आता लोक हिला म्हनत्यात, गप बस," म्हातारे पहिल्यांदाच बोलले. "एका मतानं काय बिगडतंय म्हनं! साहेब, मी सतरा वर्सं पलटनीत काडली. तितं गोळीचा बी हिशेब द्यावा लागतो. ह्यो तर मानसाचा हक्क हाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती कटकट वाटली. बंदोबस्त तोंडावर आलेला, आणि एका पाकिटासाठी तपास! पण बाई टेबलापासून हलेनात. लेखी तक्रार त्यांनी घरूनच लिहून आणली होती. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड एकही नाही. खाली ठसठशीत सही. मी ती घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दुपारी जीप काढून प्रांत कचेरी गाठली.

प्रांतसाहेब वयानं माझ्याएवढेच, पण नियमाला पक्के. आलेली टपाली पाकिटं ते कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवत. मोजणीपर्यंत पाकीट फोडता येत नव्हतं, पण वरून बघायला हरकत नव्हती. दोन पंच बोलावले आणि पेटी उघडली.

बाईंच्या नावाचं पाकीट सापडलं. सही जांभळ्या शाईत होती. शाळेतली मुलं शाईच्या गोळ्या पाण्यात विरघळवून शाई करतात, तसल्या शाईत. तक्रारीवरच्या सहीशी तिचा काही संबंध नव्हता. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. बाई सही करताना आडनाव लिहीत. पाकिटावर आडनावाच्या जागी त्यांच्या घराची जुनी जात लिहिली होती.

मतदार यादी मागवून पाहिली. यादी जुन्या नोंदींवरून उतरवलेली. तिच्यात बाईंचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे जात, असंच छापलेलं होतं. म्हणजे सही करणाऱ्यानं यादी समोर ठेवून सही केली होती.

मी पाकीट उलटं केलं. चिकटवलेल्या कडेला निळसर झाक होती. मी बोट फिरवलं, वास घेतला. मैद्याची खळ. तिला कीड लागू नये म्हणून शाळेत मोरचूद घालतात. त्यानं ती निळी दिसते. वह्यांना, नकाशांना तीच खळ लावलेली असते. पेटीतली बाकीची पाकिटं बघितली. बरीचशी साध्या डिंकानं चिकटवलेली होती. पण एका दोरीनं बांधून आलेला एक गठ्ठा होता. दोरी न सोडता त्याच्या कडा बघितल्या, तर प्रत्येक पाकीट निळसर खळीचं.

प्रांतसाहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकाच माणसाच्या बोटांनी एवढी पाकिटं बंद केली," ते म्हणाले. तिथून माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

पोस्टमन म्हातारा आणि भिडस्त. पहिल्याच प्रश्नाला रडकुंडीला आला. "मी काय करनार साहेब? हेडमास्तर म्हनलं, समद्या गुरुजींचं टपाल माज्याकडं दे, मी वाटतो. मी दिलं. मंग चार-पाच दिसांमागं त्ये गठ्ठा घिऊन दवाखान्यात जाताना दिसलं. सह्या घ्यायला जातुय म्हनलं."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर राजपत्रित अधिकारी. त्यांच्यासमोर मी उभ्यानंच विचारलं, किती शिक्षक तुमच्यापुढे येऊन सही करून गेले? डॉक्टर चाचरले. बाहेर रोग्यांची रांग होती, हेडमास्तर ओळखीचे, त्यांनी गठ्ठा पुढे केला, डॉक्टरांनी शिक्के मारले. एकही शिक्षक समोर नव्हता.

"वाचलंत का काय लिहिलंय ते? 'माझ्यासमोर सही केली.' कोण होतं तुमच्यासमोर?"

"अहो, रोज शंभर कागदांवर सह्या करतो आम्ही. प्रत्येक कागद वाचत बसलो तर..."

"तर दुसऱ्याचं मत चोरीला जाणार नाही," मी ओरडलो. रांगेतल्या बायाबापड्या वळून बघायला लागल्या. सही म्हणजे काय असते, जबाबदारी म्हणजे काय असते, यावर मी डॉक्टरांना भरपूर सुनावलं. त्यांचा जबाब घेऊन, मिशीला पीळ देत बाहेर पडलो. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि लाज वाटते. का ते पुढे येईल.

त्या भागात एक वजनदार पुढारी होते. शिक्षकांच्या बदल्या त्यांच्या शब्दावर व्हायच्या. जो ऐकणार नाही त्याची बदली कोयनेच्या पलीकडे. पावसाळ्यात चार महिने जिथं एसटी जात नाही, घाटातली पायवाटसुद्धा वाहून जाते, अशा गावी. ज्याच्या घरी आजारी आई आहे, बायको बाळंत व्हायची आहे, तो मास्तर काय करणार? कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही करून मतपत्रिका हेडमास्तरांच्या हाती देणार. बहुतेकांनी तेच केलं होतं. बाईंनी मात्र शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझं पाकीट मी माझ्या हातानं टाकणार." म्हणून त्यांना ते दिलंच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडमास्तर ठाण्यात आले. धोतर, कोट, काळी टोपी, चेहऱ्यावर समजूतदार हसू. पंच बसले होते. आमचे रायटर हवालदार लिहून घ्यायला पुढ्यात बसले. हे रायटर ठाण्यातले सगळ्यात जुने, कागदाच्या कामात माझा उजवा हात.

"काय आहे साहेब, आमच्या शिक्षकांना हे फॉर्म कळत नाहीत. चूक झाली तर मत बाद होतं. म्हणून मी जरा मदत केली."

"बाईंनाही मदत केली?"

"त्यांचं पाकीट माझ्याकडे आलंच नाही."

तास-दीड तास तेच. खोटं बोलणारा घाबरट माणूस लवकर फुटतो. खोटं बोलणारा प्रतिष्ठित माणूस फुटत नाही, कारण आपल्याला कुणी खोटं म्हणेल हेच त्याला खरं वाटत नसतं. शेवटी मी कागद पुढे सरकवला. हस्ताक्षराचा नमुना घ्यायचा होता. म्हटलं, "तुमच्या केंद्रातल्या शिक्षकांची नावं लिहा. पूर्ण नावं."

ते लिहू लागले. एकेक नाव वळणदार अक्षरात. बाईंचं नाव आलं. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि हात न थांबवता पुढे जात लिहिली. नंतरच्या नावाकडे वळलेसुद्धा.

मी त्यांना थांबवलं. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचं हजेरीपत्रक मी आधीच आणून ठेवलं होतं. ते उघडलं.

"हे कुणाच्या हातचं?"

"माझ्याच."

"यात बाईंचं आडनाव काय लिहिलंय तुम्ही?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हजेरीपत्रकात दर महिन्याला आडनाव लिहिता. मग आज हे दुसरं का लिहिलंत?"

"ते... यादीत तसंच आहे."

"कुठल्या यादीत?"

"मतदार..." आणि ते थांबले.

 मी सावकाश विचारलं, "गुरुजी, बाईंचं पाकीट तुमच्याकडे आलंच नाही, तर मतदार यादीतलं त्यांचं नाव बघायची तुम्हाला गरज काय पडली?"

 टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. आणि मग ते बोलले, पण कबुलीच्या सुरात नाही, चिडून.

"हो, केली मी सही! वरून निरोप आला की केंद्रातलं एकही पाकीट कमी पडता कामा नये. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची, साहेब. मला या वयात कोयनेच्या जंगलात पाठवलं असतं. आणि मलाच एवढं काय विचारताय? तुमच्या ठाण्याची पाकिटं कुणी चिकटवली ते विचारा की! तुमचं पाकीट कुणी चिकटवलं ते विचारा!"

मी रायटरकडे पाहिलं. त्यांनी टाक खाली ठेवला होता.

मला क्षणभर काहीच आठवेना. मग आठवलं. आठवड्यापूर्वी, जेवायच्या वेळेला, बंदोबस्ताच्या तक्त्यांमध्ये खुपसून रायटरनी काही कागद पुढे केले होते. "साहेब, टपाली मताचं हाय. हितं सही करा, आन् हितं. बाकीचं मी बगतो." मी सह्या केल्या. मतपत्रिका उघडूनसुद्धा पाहिली नाही. "बघा बुवा तुमचं काय ते," असं म्हणून जेवायला उठलो. आमच्या शिपायांच्या सह्या रायटरनी तशाच घेतल्या होत्या आणि सगळे कागद हेडमास्तरांकडे पोचवले होते. रायटरना गावाजवळच्या ठाण्यात बदली हवी होती, आणि त्या बदलीची चावी त्याच पुढाऱ्याच्या हातात होती.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा प्रांत कचेरीत. पुन्हा पेटी उघडली. दोरीच्या गठ्ठ्यात खालून चौथं पाकीट माझं होतं. सही अस्सल, माझीच. कडेला निळसर खळ.

"हे तुमचं ना?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"सही माझी आहे. मत माझं नाही," मी म्हणालो.  डॉक्टरांवर ओरडून मला दोन दिवसही झाले नव्हते.

मी लेखी दिलं की या पाकिटातल्या मतपत्रिकेवर मी खूण केलेली नाही. मग वरिष्ठांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं पाकीट कशाला मध्ये आणता? त्या बाईचा गुन्हा दाखल करा, हेडमास्तर कबूल झालाय, प्रकरण संपलं. आणि मला एक सांगा, त्या पुढाऱ्यांचा उमेदवार तसाही निवडून येणारच आहे. चार पाकिटांनी काय फरक पडतो?"

फोन ठेवला. मनात मोह झाला नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं की माझं पाकीट गुन्ह्याच्या कागदांत आणायचं नाही, गुपचूप बाजूला ठेवायचं. सकाळी बाई वडिलांबरोबर पुरवणी जबाबाला आल्या. त्यांना सगळं सांगणं भाग होतं, आणि का कोण जाणे, मी स्वतःचंही सांगून टाकलं. मला वाटलं, त्या म्हणतील, असू द्या साहेब, कामाच्या गडबडीत होतं.

त्यांनी काखेतली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "माझं चोरलं, साहेब. तुमचं तुम्ही दिलंत. हे दोन्ही एकात घालू नका."

वडिलांनी मान खाली घातली. बाईंनी नाही घातली. त्या पुढे म्हणाल्या, "मत चोरलं ते चोरलं. पण ते नाव मी शाळेच्या दाखल्यावरून काढायला वडिलांना किती हेलपाटे घालायला लावले, ठाऊक आहे? हेडमास्तरांनी ते नाव एका पाकिटावर पुन्हा माझ्या हातून लिहिल्यासारखं लिहिलं. त्याचं कलम काय आहे तुमच्याकडे?"

त्याचं कलम माझ्याकडे नव्हतं. बनावट सहीचं होतं, मतपत्रिकेत ढवळाढवळ केल्याचं होतं, दुसऱ्याच्या नावानं मत दिल्याचं होतं. ती सगळी मी लावली. हेडमास्तर पहिले आरोपी, रायटर दुसरे. आणि साक्षीदारांच्या यादीत डॉक्टरांच्या खाली मी माझं नाव लिहिलं. माझा जबाब दुसऱ्या अधिकाऱ्यानं घ्यावा म्हणून वर लेखी कळवलं आणि तपास सोडला. वरिष्ठ एवढे संतापले की त्यांनी मला समोर उभं करून विचारलं, "तुला शहाणपणा कुणी शिकवला?" मी म्हणालो, "एका शिक्षिकेनं." उद्धटपणाचा शेरा मिळाला. तो योग्यच होता.

मतदानाच्या दिवशी मी गस्त घालत बाईंच्या केंद्रावर गेलो. टेबलाशी बसून त्या मतदारांच्या बोटांना शाई लावत होत्या. म्हाताऱ्या बायका, ऊसतोडीचे गडी, डोईवरचा पदर सावरत आलेल्या नव्या सुना. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत त्या बाईंनी दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली. त्यांच्या स्वतःच्या बोटाला लागायची शाई त्या वर्षी कुणीतरी लावून मोकळं झालं होतं. त्यांनी मला पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि पुढच्या बाईचा हात धरला.

मोजणीत बाईंचं आणि माझं, अशी दोन्ही पाकिटं बाद झाली. ज्यांनी घाबरून कोऱ्यावर सह्या दिल्या होत्या, त्या शिक्षकांपैकी एकानंही तक्रार दिली नाही. त्यांच्या सह्या खऱ्या होत्या, त्यामुळे ती मतं मोजली गेली. उमेदवार मोठ्या फरकानं निवडून आला. त्या गठ्ठ्याची त्याला काही गरजच नव्हती. हे जेव्हा मला कळलं, तेव्हा माझा राग दुप्पट झाला. भूक लागून केलेली चोरी मी समजू शकतो. इथं त्या पुढाऱ्याला फक्त दाखवायचं होतं, की या भागातला प्रत्येक मास्तर, प्रत्येक पोलीस माझ्या मुठीत आहे.

खटला चालला. आरोपीच्या वकिलानं बाईंना विचारलं, "तुमचं नेमकं नुकसान काय झालं?"

"तुम्ही तुमचं मत मला द्या," बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कळेल."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत.

हेडमास्तरांना शिक्षा झाली, पण हलकी. रायटरना हवालदारावरून शिपाई केलं. डॉक्टरांना ताकीद. पुढाऱ्याचं नाव हेडमास्तरांनी ठाण्यात पुढे जबाबात घेतलं होतं, कोर्टात घेतलं नाही. दुसरा एकही शिक्षक बोलायला तयार झाला नाही. पुढच्याच महिन्यात एका शाळेच्या इमारतीचं उद्घाटन त्याच पुढाऱ्याच्या हस्ते झालं. बंदोबस्ताला मी होतो. हार घातलेल्या त्या माणसाला मी सलाम केला, कारण हुकूम तसा होता. तो सलाम माझ्या हाताला अजून चिकटलेला आहे.

आणि बाईंची बदली झाली. कोयनेच्या पलीकडे.

मी अर्ज केले, प्रांतसाहेबांनी लिहिलं, काही उपयोग झाला नाही. बदलीचा हुकूम कायदेशीर होता. सगळं कायदेशीर होतं. जूनमध्ये बाई वडिलांना घेऊन तिकडे गेल्या. डिसेंबरात भूकंप झाला. तोवर माझीही बदली सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला, कर्नाटकच्या हद्दीजवळ झाली होती. वायरलेसवरून मी तीन दिवस त्या गावाची चौकशी करत होतो. चौथ्या दिवशी निरोप आला की शाळा पडली, पण मास्तरीणबाई आणि त्यांचे वडील सुखरूप आहेत, आणि झाडाखाली जखमींची यादी बाईच करताहेत. मी वायरलेसच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. ती माणसं वाचली यात माझी, कोर्टाची, सरकारची, कुणाचीच कर्तबगारी नव्हती.

लोक मला विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? दोन गोष्टी. पहिली, दुसऱ्याच्या सहीबद्दल ओरडण्याआधी आपण आज कशाकशावर सह्या केल्या ते आठवून बघावं. दुसरी, हक्क एकदम कुणी हिसकावत नाही. तो आधी "बाकीचं मी बघतो" म्हणणाऱ्याच्या हाती जातो, आणि देणाऱ्याला वाटतं आपली कटकट वाचली. मग एक दिवस जो देत नाही, त्याचा चोरावाच लागतो. बाईंचं मत चोरीला जायची वाट माझ्यासारख्यांनी तयार केली होती. हे मी कुणी विचारलं तर सांगतो, न विचारलं तरी सांगतो.

पुढच्या निवडणुकीत मी त्याच सीमेवरच्या ठाण्यात होतो. टपाली पाकिटं आली त्या दिवशी मी सगळ्यांना परेडला उभं केलं. मुद्देमालाच्या खोलीत एक टेबल ठेवलं, भोवती चादर टांगली. एकेकानं आत जायचं, खूण करायची, पाकीट स्वतः चिकटवायचं. मग तहसीलदारांपुढे जाऊन सही करायची आणि पोस्टाच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकायचं. डिंकाची बाटलीसुद्धा मी प्रत्येकाला वेगळी ठेवायला लावली असती, एवढा तेव्हा मी चिडखोर झालो होतो.

एका शिपायानं कान खाजवत विचारलं, "पर साहेब, द्यायचं कुनाला?"

"माझ्याकडे बघशील तर सस्पेंड करीन," मी म्हणालो. "आत जा."

सगळ्यात शेवटी एक हवालदार आत गेले. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं, भाषेत निम्मी कानडी मिसळलेली, शांत माणूस. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी चादरीबाहेरून हाक मारली, "काय हो, अडलं काय?"

आतून उत्तर आलं, "न्हाई साहेब. थांबा की जरा. इतक्या वर्सांत लय येळा मत दिलं, पर उभं कोन कोन ऱ्हातंय, ते आज पयल्यांदाच वाचतुय."